मख्ख सिस्टर आणि लस न घेताच पडलेली मुलगी

तिचा चेहरा लहानपणापासूनच तसा होता. वाईट नव्हता, नाक सरळ, डोळे मोठे, सगळं जागच्या जागी. फक्त त्या चेहऱ्यावर कधी काही घडत नसे. शाळेत पहिली आल्याचं कळलं तेव्हा ती "बरं" म्हणाली होती, आणि जिन्यावरून घसरून हात मोडला, डॉक्टरांनी प्लास्टर घालावं लागेल असं सांगितलं, तेव्हाही "बरं"च म्हणाली होती. लग्नाचे फोटो पाहून नवऱ्याच्या एका मित्राने विचारलं होतं की वहिनी पासपोर्ट काढायला गेल्या होत्या का. नर्सिंगच्या कॉलेजात मैत्रिणींनी तिला मख्ख म्हणायला सुरुवात केली आणि नोकरी लागल्यावर त्याला नुसतं पुढचं शेपूट जोडलं गेलं. मख्ख सिस्टर. आपल्याला असं म्हणतात हे तिला माहीत होतं. तिला ते लागतं की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता.

नोकरीची बरीच वर्षं तिने बायकांच्या कॅन्सर वॉर्डात काढली. तिथे या चेहऱ्याचा उपयोग झाला. डॉक्टर राउंड घेऊन गेले की बायका आधी नर्सच्या तोंडाकडे बघतात. तिथे काही वाचता आलं नाही की आपल्या मनाला येईल तो अर्थ लावतात, आणि बहुतेकजणी चांगलाच लावतात. त्यामुळे वॉर्डात मख्ख सिस्टरला मागणी होती. एक दिवस मात्र ती मेट्रनबाईंकडे गेली आणि बदली मागितली. मेट्रनबाईंनी कारण विचारलं.

"मला निरोगी माणसं बघायची आहेत," ती म्हणाली.

मेट्रनबाई म्हणाल्या की हॉस्पिटलात नोकरी करून अशी मागणी करणारी तू पहिलीच. पण त्यांनी ती मनावर घेतली. आवारातल्या जुन्या इमारतीत एका लशीची चाचणी सुरू व्हायची होती आणि तिथे हलक्या हाताची नर्स हवी होती. तिथे येणारी माणसं निरोगी असणार होती. किंबहुना निरोगी नसतील तर त्यांना घ्यायचंच नव्हतं.

ज्या वॉर्डातून ती आली, तिथल्या निम्म्याहून जास्त बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि त्या विषाणूवर लस आहे. मुलगी लहान असतानाच ती टोचायची, म्हणजे पुढे विषाणूशी गाठ पडेल तेव्हा शरीर तयार असतं. अशी एक लस बरीच वर्षं वापरात होती. आता दुसऱ्या कुणीतरी नवी बनवली होती, आणि ती सगळीकडे देण्याआधी दोन गोष्टी बघायच्या होत्या. मुलींना तिच्यापासून काही अपाय होतो का, आणि ती टोचल्यावर मुलींच्या रक्तात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं जुन्या लशीइतकी तयार होतात का. त्यासाठी नऊ ते चौदा वर्षांच्या मुली हव्या होत्या. निम्म्यांना नवी लस, निम्म्यांना जुनी. कुणाला कोणती मिळाली हे मुलींना माहीत नसणार, आईबापांना नसणार, डॉक्टरबाईंना नसणार आणि टोचणाऱ्या सिस्टरलाही नसणार. सिरिंज सारख्या, आतला रंग सारखा, वर नुसता नंबर. आधी थोडं रक्त घ्यायचं आणि लशीचा पहिला डोस द्यायचा. सहा महिन्यांनी त्याच लशीचा दुसरा. त्यानंतर महिन्याभराने पुन्हा रक्त. हे शेवटचं रक्त सगळ्यात महत्त्वाचं, कारण उत्तर त्यात होतं. ते मिळालं नाही तर आधीची सगळी मेहनत पाण्यात.

चाचणीची खोली म्हणजे पूर्वीचं बँडेजचं कोठार. रंग देऊन झाला तरी भिंतींचा कापसाचा वास गेला नव्हता. एका कोपऱ्यात लशीचा फ्रिज होता. त्याचं दार जरा उघडं राहिलं की तो किंचाळायचा. मध्ये पडदा, पडद्याआड खुर्ची, आणि बाहेर पॅसेजमध्ये दोन लांब बाकं. लस घेतलेल्या मुलीने त्या बाकावर अर्धा तास बसायचं, हा नियम होता. काही रिअॅक्शन आलीच तर ती डोळ्यांसमोर यावी. मुली बाकावर पाय हलवत बसायच्या आणि सिस्टर समोर स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघायची. नुसती बघायची. सुरुवातीला मुलींना त्याची भीती वाटायची, मग हसू यायला लागलं, मग सवय झाली.

सगळं व्यवस्थित सुरू व्हायचं तर आधी आईबापांनी हो म्हणायला हवं होतं. त्यासाठी शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली. डॉक्टरबाई तरुण होत्या, हुशार होत्या आणि काळजी करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवत भरभर सगळं सांगितलं. सिस्टर बाजूला उभी होती. शेवटी त्यांनी प्रश्न विचारायला सांगितलं. मग मधल्या रांगेतून इस्त्रीवाली उठली. शाळेसमोरच्या रस्त्यावर तिचं इस्त्रीचं दुकान होतं. अख्ख्या वस्तीचे शर्ट आणि अख्ख्या वस्तीच्या बातम्या तिच्या टेबलावरून जायच्या. तिची मुलगी बारा वर्षांची, वयाच्या मानाने ताडमाड, म्हणून सगळे तिला लंबू म्हणायचे. इस्त्रीवालीने डॉक्टरबाईंना नाही, सिस्टरला विचारलं.

"तुम्हाला मुलगी आहे का, सिस्टर?"

"आहे. अकरा वर्षांची."

"तिला दिली का ही लस?"

"नाही."

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. डॉक्टरबाई घाईघाईने पुढे आल्या. त्यांनी सांगितलं की तसा नियमच आहे. इथे काम करणाऱ्यांच्या मुलांना चाचणीत घेता येत नाही, कारण नोकरीच्या दडपणाखाली कुणी आपल्या मुलांना पुढे केलं असं व्हायला नको. इस्त्रीवालीने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की नियम चांगला आहे, पण आमच्या बाजूने बघितलं तर तो चांगला दिसत नाही. तेव्हा मागून एका बापाने विचारलं की समजा नियम नसता तर सिस्टरने दिली असती का.

सिस्टरने इतका वेळ विचार केला की मागच्या रांगेतली चुळबुळ थांबली.

"मी दिली असती," ती म्हणाली. "तिने घेतली नसती. ती सुईला घाबरते."

कुणीतरी हसलं आणि मग बरेचजण हसले. नर्सची मुलगी सुईला घाबरते, ही गोष्ट लोकांना लशीच्या सगळ्या चित्रांपेक्षा पटली. त्या दिवशी काही घरांनी नावं दिली. इस्त्रीवालीने दिलं नाही. ती आठवड्याने लंबूला घेऊन खोलीवर आली आणि तिने पडद्याआडची खुर्ची, फ्रिज, सुयांचे डबे सगळं फिरून पाहिलं. मग लंबूला म्हणाली, तुला विचारायचं ते विचार.

लंबूने विचारलं की रक्त किती घेणार. सिस्टर म्हणाली, एक चमचा. लंबूने विचारलं की ते परत देणार का. सिस्टर म्हणाली, नाही. लंबूने थोडा विचार केला आणि बाही वर केली.

पहिल्या फेरीत काहीच विशेष घडलं नाही. मुलींना घरी न्यायला एक कार्ड दिलं होतं. ताप, सूज, डोकेदुखी, जे होईल ते त्यावर आठवडाभर लिहायचं. मुलींनी मनापासून लिहिलं. कुणाचा दंड दुखला, कुणाला थोडा ताप आला. एकीने लिहिलं, भावाने मारलं. सिस्टर तिला म्हणाली की हे लशीमुळे झालेलं नाही. मुलगी म्हणाली, लशीच्याच जागी मारलं. सिस्टरने ते राहू दिलं.

आता तिच्या घराविषयी. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बायकोच्या वाटणीचं बोलणंही तोच बोलायचा, त्यामुळे घरात सरासरी ठीक राहायची. मुलगी आईसारखी दिसायची पण स्वभावाने बापावर गेली होती. तिच्या तोंडावर सगळं दिसायचं, आणि सुई हा शब्द ऐकला तरी त्या तोंडावरचा रंग उडायचा. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की ती कपाटात जाऊन बसायची. एकदा तर आईच्या पर्समध्ये सेफ्टी पिन दिसली म्हणून तिने पर्सला हात लावायचं सोडलं होतं.

दुसऱ्या डोसच्या दिवशी मुलीची शाळा लवकर सुटली. घराची किल्ली आईकडे होती, म्हणून ती किल्ली घ्यायला हॉस्पिटलात आली. पॅसेजमध्ये दोन्ही बाकं भरलेली होती. नुकतीच लस घेतलेल्या मुली दंडावर कापूस धरून बसल्या होत्या, लंबू टोकाला होती. सिस्टर पडद्याआड होती. मुलीने नुसतं विचारायला म्हणून पडद्याच्या फटीतून डोकं आत घातलं. त्याच क्षणी आत सुई एका दंडात शिरत होती.

मुलीने डोकं बाहेर काढलं. मागे फिरली, दोन पावलं चालली, तिचे डोळे पांढरे झाले आणि ती कापलेल्या फांदीसारखी बाकासमोर आडवी झाली.

बाकावरच्या मुलींनी ते पाहिलं. पहिल्या मुलीला वाटलं की हे लशीमुळे झालं आणि लस तर आपल्यालाही दिली आहे. ती पांढरी पडली आणि शेजारणीच्या अंगावर कलंडली. शेजारीण तिच्याकडे बघून कलंडली. मग समोरच्या बाकावरून एक, तिच्यापाठोपाठ दुसरी. लंबूने एकीला खाली पडता पडता धरलं आणि तिला धरून ओरडली, "सिस्टर, सगळ्या चालल्या."

सिस्टर बाहेर आली. पॅसेजच्या फरशीवर पाच-सहा मुली होत्या आणि त्यांच्यात एक तिची स्वतःची होती. लंबूने पुढे सांगितलं की सिस्टरच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. खरं होतं ते. तिने आधी आपल्या मुलीकडे न जाता लस घेतलेल्या मुलींच्या नाड्या पाहिल्या, कारण काम ते होतं. नाड्या मंद होत्या पण लागत होत्या. श्वास ठीक, अंगावर पुरळ नाही, घशाला सूज नाही. मुली घाबरून बेशुद्ध पडल्या होत्या. या वयात सुई टोचल्यावर असं होतं, एकीचं बघून दुसरीला होतं, हे तिला शिकवलेलं होतं. तिने आणि डॉक्टरबाईंनी सगळ्यांना आडवं करून पाय खुर्च्यांवर ठेवले. थोड्या वेळात एकेकजण डोळे उघडून आपण कुठे आहोत असं विचारायला लागली. सगळ्यात शेवटी सिस्टर आपल्या मुलीजवळ बसली. मुलीने डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि किल्ली मागितली.

इथपर्यंत सगळं निभावलं होतं. पण त्याच वेळी एक आई आपल्या मुलीला न्यायला आली. पॅसेजमध्ये फरशीवर ओळीने मुली, पाय वर, हे दृश्य तिने पाहिलं आणि ती खोलीत न येता रस्त्यावर गेली.

संध्याकाळपर्यंत बातमीला हातपाय फुटले. सिस्टरच्या नवऱ्याला ती एका इमारतीत कळली. तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ग्रीस लावत होता आणि वर दार उघडं ठेवून दोन बायका बोलत होत्या. एक सांगत होती की त्या सिस्टरने चोरून आपल्या मुलीलाही लस दिली, आणि ती मुलगी आता कोमात आहे. नवऱ्याने खालून विचारलं, कोणती सिस्टर. खड्ड्यातून आवाज आल्यामुळे बायका किंचाळल्या. तो तसाच काळ्या हातांनी घरी धावत आला. मुलगी टेबलाशी बसून भूगोलाचा नकाशा रंगवत होती.

"तू कोमात आहेस म्हणे," तो म्हणाला आणि खाली बसला. त्याच्या हातांचे ठसे दारावर पुढे कित्येक दिवस होते.

चाचणीच्या नियमाप्रमाणे झालेली प्रत्येक गोष्ट वर कळवायची होती. डॉक्टरबाईंनी सगळं कळवलं. फक्त एक अडचण होती. सगळ्याची सुरुवात जिच्यापासून झाली, ती मुलगी चाचणीतच नव्हती. तिला नंबर नव्हता. शेवटी त्यांनी 'भेटीला आलेली एक व्यक्ती' असं लिहिलं. चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या सुरक्षा समितीने काम थांबवून सगळं तपासलं आणि काही दिवसांनी कळवलं की लशीचा दोष दिसत नाही, चाचणी चालू ठेवायला हरकत नाही. हरकत वस्तीची होती. मुलींचं शेवटचं रक्त घ्यायची वेळ जवळ येत चालली आणि फोन केला की घरोघर एकच उत्तर मिळायचं: बघू.

डॉक्टरबाईंची झोप उडाली. कुणावर जबरदस्ती करता येत नव्हती, कुणाला आमिष दाखवता येत नव्हतं. यायचं की नाही हे मुलीने आणि तिच्या घरच्यांनी ठरवायचं, केव्हाही नाही म्हणता येतं, हे पहिल्या दिवसापासून सांगितलेलं होतं. सिस्टर म्हणाली की मी घरोघर जाऊन तेच पुन्हा सांगते. येऊ नका म्हणून सांगायला जाणार? डॉक्टरबाईंनी विचारलं. नाही आलात तरी चालेल असं सांगायला, सिस्टर म्हणाली, आणि त्या दिवशी काय झालं ते सांगायला.

त्या रात्री जेवताना तिने हे घरी सांगितलं. मुलीने हातातला घास ताटात ठेवला. गल्लीतली पोरं तिला आता 'बेशुद्ध' म्हणून हाक मारत होती आणि तिने खाली खेळायला जायचं सोडलं होतं. ती म्हणाली, "मी येते. पडले मी, तर मीच सांगते."

सिस्टर म्हणाली की नको, लोक हसतील. मुलगी म्हणाली, आत्ताही हसतातच. नवरा काही बोलला नाही, हे त्या घरात लक्षात राहण्यासारखं होतं. सिस्टर म्हणाली की नियमात बसतं का ते विचारावं लागेल. तिने डॉक्टरबाईंना विचारलं, डॉक्टरबाईंनी चाचणीत कुणावर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या नीतिसमितीच्या अध्यक्षांना विचारलं. अध्यक्ष म्हणाले की एखाद्या मुलीने आपण बेशुद्ध पडलो असं कुणाला सांगावं की नाही याबद्दल समितीचं काही म्हणणं असू शकत नाही, मात्र लस घ्या किंवा रक्त द्या यातलं अक्षरही तिने बोलू नये.

पहिलं घर गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका माणसाचं होतं. त्याची मुलगी त्या दिवशी पडलेल्यांपैकी होती. त्याने दार अर्धंच उघडलं. सिस्टरने आपलं सांगितलं: बाकावर काय झालं, समितीने काय म्हटलं, आणि पुढे यायचं नसेल तर यायला नको, कुणी विचारणार नाही. मग तिची मुलगी पुढे झाली. तिचे कान लाल झाले होते.

"मला लस दिलेली नव्हती," ती म्हणाली. "मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. मी दुसरीला सुई टोचताना बघितलं आणि पडले. माझं बघून बाकीच्या पडल्या."

माणसाने तिच्याकडे वरून खाली पाहिलं. "हे आईने पढवलंय का?"

"नाही. आई म्हणाली सांगू नकोस."

त्याने दार पूर्ण उघडलं.

आतून त्याची मुलगी आली आणि तिला पाहून खो खो हसायला लागली. सिस्टरच्या मुलीने तिचं हसून होऊ दिलं. मग विचारलं, "टोचल्यावर किती दुखतं?" त्या मुलीने विचार करून सांगितलं की टोचताना मुंगी चावल्यासारखं, पण दुसऱ्या दिवशी हात वर होत नाही. सिस्टरच्या मुलीने मान हलवली. हा प्रश्न तिने पुढे प्रत्येक घरात विचारला. मोठी माणसं आत आपापसात बोलत असायची आणि ती दाराशी उभी राहून मुलींकडून मुंगीचा आकार समजून घ्यायची.

एका घरी मुलीच्या आजीने त्यांना उभंच केलं नाही. एका घरी चहा मिळाला, पण उत्तर मिळालं नाही. दोन घरांच्या मधल्या चढावर मुलीने विचारलं की आई, तू तो जुना वॉर्ड का सोडलास. सिस्टरने घरी कधी त्या वॉर्डाची गोष्ट काढली नव्हती. ती थोडी पुढे चालत गेली आणि मग बोलायला लागली.

वॉर्डात एक बाई होती, सदतीस-अडतीसची. तिच्या दोन मुली रोज सकाळी शाळेत जाण्याआधी यायच्या आणि ती खाटेवर बसून त्यांच्या वेण्या घालायची. हळूहळू तिच्या बोटांतलं बळ गेलं. मग ती पडल्या पडल्या सिस्टरला सांगायची आणि सिस्टर वेण्या घालायची. सिस्टरला वेणी येत नव्हती. एक बाजू वर, एक खाली. बाईला ते बघून इतकं हसू यायचं की खोकला लागायचा. ती गेल्यावरही पुढचे काही दिवस त्या मुली सकाळी वेण्या घालून घ्यायला वॉर्डात येत होत्या, कारण यायचं नाही असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग काय केलंस?" मुलीने विचारलं.

"घातल्या."

मुलीने आपली वेणी चाचपली. "माझी पण वाकडीच घालतेस."

"हो."

"आणि मग तू वॉर्ड सोडलास?"

"नाही. त्यानंतर अजून चार-पाच वर्षं होते तिथे." सिस्टरने पदराने कपाळ पुसलं. "एका बाईमुळे वॉर्ड सोडत नाहीत. अशा फार झाल्या, म्हणून सोडला."

इस्त्रीवालीचं दुकान त्यांनी शेवटी ठेवलं होतं. ती उभ्या उभ्या कुणाची तरी पँट दाबत होती. सिस्टरने सुरुवात करताच ती म्हणाली की मला ते सांगू नका, माझी लंबू बाकावर होती, काय झालं ते मला तिने सांगितलं आहे आणि दुकानावर जो विचारेल त्याला मी सांगते: मेलं कुणी नाही, पडल्या, या वयात पडतात मुली. तिने सिस्टरच्या मुलीकडे पाहून विचारलं की तीच का ही, आणि तिला बसायला स्टूल दिलं. सिस्टरला हायसं वाटलं. तेवढ्यात इस्त्रीवाली म्हणाली की लंबू रक्त द्यायला येणार नाही.

सिस्टरने का म्हणून विचारलं नाही. तसं विचारणं म्हणजे दडपण. ती "बरं" म्हणाली. इस्त्रीवालीला तो प्रश्न हवा होता; न विचारल्यामुळे तिने इस्त्री उभी केली आणि स्वतःच सांगितलं. "एक चमचा का होईना, पोरीचं रक्त घेणार. त्यातून तुम्हाला सगळं कळणार. आम्हाला काय कळणार? तिला नवी दिली की जुनी, एवढंसुद्धा नाही."

"आत्ता मलाही माहीत नाही," सिस्टर म्हणाली. "काम संपलं की नंबर उघडतात. तेव्हा कळेल."

"तुम्हाला कळेल. आम्हाला कोण सांगणार?"

सिस्टरने मुलीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. असं घरोघर जाऊन सांगायचं काम कुणी तिच्यावर सोपवलेलं नव्हतं. डॉक्टरबाई बहुधा पत्रं पाठवणार होत्या.

"मी सांगेन," ती म्हणाली. "तुम्हाला, आणि बाकीच्यांना पण. येऊन सांगेन."

इस्त्रीवालीने तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. काय सापडलं कुणास ठाऊक. तिने पुन्हा पँट दाबायला घेतली आणि म्हणाली की पोरीला विचारते.

ठरलेल्या दिवसांत मुली आल्या. सगळ्या नाही, त्या आजीची नात आली नाही, आणखी काही आल्या नाहीत. पण पुरेशा आल्या. लंबू पहिल्याच सकाळी आली आणि आपलं रक्त नळीत चढताना तिने डोळे फाडून पाहिलं. गाडी शिकवणाऱ्याची मुलगी खुर्चीवर न बसता थेट आडवी झाली. डॉक्टरबाई प्रत्येक नळी हातात घेऊन लेबल दोनदा वाचायच्या आणि तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव यायचा.

निकाल यायला बरेच महिने लागले. तो चांगला आला. नव्या लशीने मुलींच्या रक्तात जुन्या लशीइतकीच प्रतिपिंडं तयार केली होती. दंडदुखी, किरकोळ ताप, चक्कर यापलीकडे लशीमुळे कुणाला काही झालं नव्हतं. शाळेच्या हॉलमध्ये पुन्हा सभा झाली आणि डॉक्टरबाईंनी पहिल्यांदाच सावकाश बोलून दाखवलं. एकाने विचारलं की म्हणजे आता या मुलींना हा कॅन्सर कधीच होणार नाही ना. डॉक्टरबाई म्हणाल्या की जुन्या लशीने तो कमी झालेला दिसला आहे, नवीनेही व्हायला हवा, पण खात्रीने सांगायला मुली मोठ्या व्हाव्या लागतील. शिवाय मोठेपणी तपासणी करून घ्यायची ती घ्यायचीच.

नंबर उघडल्यावर सिस्टर सुट्टीच्या दिवशी घरोघर गेली. डॉक्टरबाईंची पत्रं तिच्या आधी पोचली होती, तरी ती गेली. ज्या घरी आजीने उभं केलं नव्हतं, तिथेही गेली. या वेळी आजीने बसवलं आणि नातीला कोणती दिली होती ते दोनदा विचारून घेतलं. लंबूला जुनी लस मिळाली होती. इस्त्रीवालीचा चेहरा पडला. तिला वाटलं होतं की आपल्या पोरीच्या दंडातून काहीतरी नवीन गेलं असेल. म्हणजे आमचा काही उपयोगच नाही झाला, ती म्हणाली. सिस्टर म्हणाली की जुनीवाल्या नसत्या तर नवी कशाशी तोलली असती. इस्त्रीवालीला ते पटलं. त्या आठवड्यात दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला तिने तराजूचं उदाहरण देऊन समजावलं, आणि ते सिस्टरच्या सांगण्याहून सरस होतं.

सिस्टरची मुलगी तेरा वर्षांची झाली तेव्हा नवी लस सगळ्यांना मिळायला लागली होती. मुलीने स्वतःच तारीख ठरवली. आईने टोचायचं नाही आणि आत यायचं नाही, ही तिची अट होती. दवाखान्यात लस देण्याच्या खोलीत गेल्यावर ती तिथल्या नर्सला म्हणाली की मी बेशुद्ध पडणार आहे, तर आधीच आडवी होते. मग ती आडवी झाली, बाही वर केली, डोळे मिटले, आणि सांगितल्याप्रमाणे बेशुद्ध झाली. आधीच आडवी असल्यामुळे पडण्याचा प्रश्न आला नाही. नर्सने बाहेर येऊन सांगितलं की सगळं सुरळीत झालं.

सिस्टर बाहेरच्या बाकावर बसली होती. नवरा तिच्या शेजारी बसून त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये काय काय बिघाड आहे ते सांगत होता. ती ऐकत होती. अर्ध्या तासाने मुलगी चालत बाहेर आली. तिच्या तोंडाला थोडा रंग परत आला होता.

"मुंगी नाही," ती म्हणाली. "मुंगळा."

सिस्टरने तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं आणि तिघंही जिन्याने खाली उतरली, कारण नवऱ्याने त्या लिफ्टमध्ये बसायला साफ नकार दिला होता.